मराठी मजकुराचं अंतर एकदाच बसवा: ओळ, शब्द आणि परिच्छेदाची डीफॉल्ट सेटिंग

सांगलीत ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्था आणि कारखान्यांचे वार्षिक अहवाल छापायला येतात. पाठोपाठ दिवाळी अंक आणि स्मरणिका, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका. या धांदलीत डीटीपीवाला नवं डॉक्युमेंट उघडतो, मॅटर ओततो, फॉन्ट लावतो आणि पानं मोजतो. ओळींत किती अंतर आहे, शब्दांत किती आहे, हे सॉफ्टवेअरने आपल्या मनाने ठरवलेलं असतं आणि तेच छापून जातं.

हे अंतर रोमन लिपीच्या मापाने ठरलेलं आहे. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि कधीकधी हे सगळं एकाच अक्षरावर. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक लागणारी जोडाक्षरं. इनडिझाइन हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर १२ पॉइंटच्या अक्षराला आपणहून १२० टक्के, म्हणजे १४.४ पॉइंट लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) देतं. इंग्रजीला ते पुरतं, मराठीला नाही.

एका संस्थेच्या स्मरणिकेत मी देणगीदारांची यादी असल्याच अंतरावर लावली होती. ‘शिर्के’ या आडनावाचा रफार वरच्या ओळीतल्या दीर्घ उकारात मिसळला, छापताना शाई थोडी पसरली आणि कागदावर ‘शिके’ उरलं. पडद्यावर ते नाव नीट दिसत होतं, म्हणून प्रुफातही कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ अंक हातात धरून दारात उभे राहिले. त्या दिवसापासून नवा फॉन्ट वापरायला घेतला की मी आधी त्याची चाचणी करतो.

चाचणीच्या दोन ओळी

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी दोन ओळी टाइप करा. वरच्या ओळीत खाली उतरणारे शब्द: टट्टू, शत्रू, हृदय, उद्ध्वस्त. खालच्या ओळीत वर चढणारे: मूर्तींना, कीर्तींची, शर्तींवर, गर्दींत. हे शब्द दोन्ही ओळींत चार-पाच वेळा आलटूनपालटून टाका, म्हणजे कुठेतरी ‘ट्टू’च्या बरोबर खाली ‘र्तीं’ येईलच. युनिकोड फॉन्टमध्ये ‘ट्टू’ सहसा उभा जोडला जातो, ट खाली ट आणि त्याखाली दीर्घ उकार. इतकं खोल जाणारं अक्षर रोजच्या मराठीत क्वचितच सापडेल.

आता १२ पॉइंट अक्षराला १४.४ लीडिंग देऊन प्रिंट काढा. मग अर्धा-अर्धा पॉइंट वाढवत जा. उकार आणि रफार एकमेकांना शिवायचे थांबले की तो आकडा लिहून घ्या आणि त्यात एक पॉइंट मिळवा. हा जास्तीचा पॉइंट शाईसाठी. चांगल्या मॅपलिथो कागदावर शाई कमी पसरते, वर्तमानपत्री कागदावर जास्त, आणि काम शेवटी कोणत्या कागदावर जाईल हे सेटिंग करताना माहीत नसतं. चाचणी कागदावरच करा. पडदा मोठा करून बघितलं तर सगळंच सुटसुटीत दिसतं.

खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवलेले एक काका माझ्याकडे प्रुफं वाचायला यायचे. ते ओळींच्या मध्ये घालायच्या शिशाच्या पट्टीला ‘लेड’ म्हणायचे. लीडिंग हा शब्द त्याच पट्टीवरून आला. नवीन पान हातात दिलं की ते आधी मजकूर वाचत नसत. पान डोळ्यांपासून हातभर लांब धरायचे आणि म्हणायचे, “आधी उकार-वेलांटीची टक्कर बघ, शुद्धलेखन नंतर.” ती सवय मी उचलली.

माझ्या वापरातल्या बहुतेक पुस्तकी फॉन्टना १२ वर १७ हे प्रमाण बसतं. म्हणजे १४० टक्क्यांच्या थोडं पुढे. काही फॉन्टना १६ चालतं, काहींना १८ लागतं. एकाच पॉइंटात दोन देवनागरी फॉन्ट सारखे दिसत नाहीत हेही ध्यानात ठेवा. फॉन्टच्या नावापुढचा आकडा बघून तुलना करू नका. छापलेला ‘क’ शिरोरेषेपासून पायापर्यंत पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर. ज्या फॉन्टचा ‘क’ मोठा, त्याला त्याच पॉइंटात लीडिंग जास्त.

ओळीची लांबीही यात येते. डेमी १/८ आकाराच्या पुस्तकात ओळ सव्वाचार इंच असते, तिथे १७ पुरतं. ए-४ च्या अहवालात एक-एक इंच समास सोडून एकच स्तंभ लावला तर ओळ सव्वासहा इंचांची होते, आणि वाचणाऱ्याची नजर परत येताना पुढची ओळ चुकते. तिथे १८-१९ द्या, नाहीतर सरळ दोन स्तंभ करा. मी दोन स्तंभच करतो.

इनडिझाइन: डॉक्युमेंट बंद असताना

इनडिझाइनमध्ये एकही डॉक्युमेंट उघडलेलं नसताना जे बदल कराल ते पुढच्या प्रत्येक नव्या डॉक्युमेंटला लागू होतात. म्हणून सगळं बंद करा आणि मग सुरू करा.

आधी मापं पॉइंटमध्ये घ्या. मग पॅराग्राफ स्टाइलच्या पॅनेलमध्ये ‘मजकूर’ नावाची नवी स्टाइल, म्हणजे फॉन्ट, माप आणि अंतराचा जतन केलेला संच, करा. ‘बेसिक पॅराग्राफ’ बदलू नका. दुसऱ्याकडून आलेला मॅटर त्याच नावाची स्टाइल घेऊन येतो आणि मग कोणाचं माप कोणाला लागलं ते कळत नाही. ‘मजकूर’ कशावरही न बेतलेली, स्वतंत्र ठेवा.

या स्टाइलमध्ये पहिलं काम कंपोजरचं, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी पाडणाऱ्या यंत्रणेचं. जस्टिफिकेशनच्या (ओळी दोन्ही समासांना भिडवण्याच्या) विभागात खाली कंपोजर निवडायची जागा असते, तिथे वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडा. हे केलं नाही तर युनिकोड देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात, आणि पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ जातं. भाषा मराठी करा. कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांच्या जोडीतलं अंतर, ‘मेट्रिक्स’वर (फॉन्टमध्येच दिलेल्या मापांवर) ठेवा. ‘ऑप्टिकल’ अक्षरांचे आकार बघून त्यांच्यातलं अंतर स्वतः ठरवतं, आणि शिरोरेषेने जोडलेल्या लिपीत ते काम फॉन्ट बनवणाऱ्याने आधीच केलेलं असतं.

लीडिंग १७ लिहा. शिवाय जस्टिफिकेशनमधलं ऑटो लीडिंगही १२० वरून १४० करा. कधी कोणी घाईत लीडिंग ‘ऑटो’ केलंच तर निदान टक्कर तरी होणार नाही.

आता जस्टिफिकेशनचे आकडे. शब्दांतल्या अंतराला इनडिझाइन मुळात ८०, १०० आणि १३३ टक्के देतं: किमान, हवं ते, कमाल. अक्षरांतल्या अंतराला तीन शून्यं. अक्षर रुंद-अरुंद करण्याला तिन्ही १००. यातली अक्षरांची तीन शून्यं जिवापाड जपा. रोमनमध्ये ओळ भरायला अक्षरं दोन टक्के फाकवली तर कोणाला कळत नाही. देवनागरीत तेवढ्यानेच शिरोरेषा तुटते, आणि तुटलेली रेघ डोळ्याला लगेच खुपते. ट्रॅकिंगचंही, म्हणजे निवडलेल्या सगळ्या अक्षरांतलं अंतर एकदम कमीजास्त करण्याचंही, तेच. अधिक केलं तर रेघ फुटते, उणे केलं तर काना शेजारच्या अक्षरात घुसतो. पानात ओळ बसत नाही म्हणून ट्रॅकिंग उणे दहा करायची सवय ज्यांना आहे, त्यांनी वाक्यातला एखादा शब्द लेखकाला विचारून कमी करावा. तेच बरं.

शब्दांच्या अंतराला मी ८०, १००, १२५ ठेवतो. आपल्याकडे शिरोरेषा शब्दाला एकसंध बांधते, त्यामुळे अंतर थोडं कमी झालं तरी शब्द वेगळा ओळखू येतो. उलट ते वाढलं की रेघेतली फट ठळक दिसते. म्हणून किमान आहे तेवढंच ठेवलं आणि कमाल आवळलं.

त्याच चौकटीत ‘सिंगल वर्ड जस्टिफिकेशन’ असतं. ते मुळात ‘फुल जस्टिफाय’वर असतं. अरुंद स्तंभात एखाद्या ओळीत एकच लांब शब्द उरला की सॉफ्टवेअर त्याची अक्षरं फाकवून ओळ भरतं, वर तुम्ही तीन शून्यं दिलेली असली तरीही. ते ‘अलाइन लेफ्ट’ करा.

अरुंद स्तंभ आणि मराठी शब्दाची लांबी

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण हिंदीसाठी चांगली चालणारी सेटिंग मराठीत का फसते ते इथे कळतं. हिंदीत ‘का, के, की, में, से’ नामापासून सुटे लिहितात. ओळीत छोटे शब्द भरपूर, म्हणजे मोकळ्या जागाही भरपूर. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. ‘कार्यकर्त्यांच्यासाठीसुद्धा’ हा एक शब्द. ओळीत शब्द कमी, म्हणून अंतर वाटून घ्यायला जागाही कमी.

हिशोब करून बघा. सव्वाचार इंचाच्या ओळीत १२ पॉइंटात साधारण नऊ शब्द बसतात, म्हणजे आठ फटी. लांब शब्द खालच्या ओळीत गेला आणि वर १८ पॉइंट जागा उरली, तर प्रत्येक फटीच्या वाट्याला सव्वादोन पॉइंट येतात. तेच दिवाळी अंकाच्या अरुंद स्तंभात ओळीला चार शब्द आणि तीन फटी. प्रत्येक फट सहा पॉइंटांनी वाढते. मूळ फट तीन पॉइंटांची धरली तर ती तिप्पट झाली. अशा तीन-चार ओळी एकाखाली एक आल्या की मजकुरातून पांढरा ओढा वाहताना दिसतो.

यावर माझ्या अनुभवात तीन उपाय चालतात. पहिला, स्तंभ रुंद करणं: तीनऐवजी दोन. दुसरा, अक्षर अर्धा पॉइंट लहान करणं, पण साडेदहाच्या खाली नाही, कारण दिवाळी अंक वाचणाऱ्यांत चष्मेवाले पुष्कळ असतात. तिसरा, शब्द तोडणं, म्हणजे हायफनेशन.

हायफनेशन इनडिझाइनमध्ये मुळात चालू असतं. पुस्तकाच्या रुंद ओळीला मी ते बंद करतो. अरुंद स्तंभात चालू ठेवतो, पण शब्दाच्या सुरुवातीची तीन आणि शेवटची तीन अक्षरं एकत्र राहावीत आणि लागोपाठ दोनपेक्षा जास्त ओळींच्या शेवटी तोडरेघ येऊ नये, असे आकडे देऊन. भाषा मराठी निवडलेली नसेल तर हायफनेशन चालू करूच नका. आणि निवडलेली असली तरी छापण्याआधी प्रत्येक तोडलेला शब्द नजरेखालून घाला. ‘महाराष्ट्रा-तूनही’ ठीक, ‘महाराष्-ट्रातूनही’ नाही.

परिच्छेद, शीर्षक आणि पानाची जाळी

नवा परिच्छेद दाखवायचे दोन मार्ग आहेत. पहिली ओळ आत सरकवा किंवा वर जागा सोडा. दोन्ही एकदम करू नका. पुस्तक, कथा, लेख यांत ओळ आत सरकवणं चांगलं, आणि ते माप लीडिंगइतकंच ठेवा, म्हणजे इथे १७ पॉइंट. शीर्षकाखालचा पहिला परिच्छेद सरळ, आत न सरकवता. अहवाल, नोटिसा, माहितीपत्रकं यांत वर जागा सोडणं बरं पडतं. ती अर्धी ओळ, म्हणजे साडेआठ.

पानाची उंची लीडिंगने भाग जाईल अशी बसवली की पुढे फार कटकट राहत नाही. डेमी १/८ चं पान साडेआठ इंच उंच, म्हणजे ६१२ पॉइंट. २९ ओळी गुणिले १७ म्हणजे ४९३. उरले ११९. त्यातले वर ५२, खाली ६७. खालचा समास मोठा, कारण तिथे पानाचा आकडा येतो आणि वाचणाऱ्याचा अंगठा तिथेच असतो.

मग बेसलाइन ग्रिड, म्हणजे ओळी ज्यावर बसतात ती पानाची जाळी, १७ पॉइंटांवर, वरच्या समासापासून सुरू करा. टेक्स्ट फ्रेमच्या पर्यायांत पहिल्या ओळीची जागा मुळात ‘असेंट’वर, म्हणजे फॉन्टमध्ये लिहिलेल्या वरच्या उंचीवर, असते. ती ‘लीडिंग’ करा. देवनागरी फॉन्टांचे असेंट एकमेकांपासून फार वेगळे असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की पहिली ओळ वरखाली होते आणि समोरासमोरच्या पानांच्या ओळी जुळत नाहीत. ‘मजकूर’ स्टाइल ग्रिडला बांधा. पातळ कागदावर छापलेलं पान उजेडात धरलं की पाठच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोबर मागे बसलेल्या दिसतात आणि मधल्या पांढऱ्या जागेत मागची शाई डोकावत नाही. स्वस्त कागदावर छापणाऱ्याला याचा फायदा जास्त.

शीर्षक १५ पॉइंट, लीडिंग २०, वर २२ आणि खाली ९. बेरीज ५१, बरोबर तीन ओळी. वरची जागा खालच्यापेक्षा दुपटीहून जास्त असू द्या, म्हणजे शीर्षक कोणत्या मजकुराचं आहे ते सांगावं लागत नाही. ते दोन ओळींचं झालं तर खालचा मजकूर ग्रिडमुळे पुढच्या ओळीवर आपोआप जाऊन बसतो. कवितेला जस्टिफाय नको, आणि दोन कडव्यांत पूर्ण एक ओळ सोडा.

वर्ड वापरत असाल तर

शाळा, ग्रामपंचायती, संस्थांची कार्यालयं यांचं बहुतेक काम वर्डमध्येच होतं. तिथे ओळींचं अंतर २००७ च्या आवृत्तीत १.१५ पट आणि परिच्छेदानंतर १० पॉइंट होतं. २०१३ मध्ये ते १.०८ आणि ८ झालं. हे ‘पट’ फॉन्टच्या आत लिहिलेल्या उंचीवर मोजले जातात, त्यामुळे फॉन्ट बदलला की दहा पानांचा अहवाल बारा पानांचा होतो. परिच्छेदाच्या चौकटीत ‘मल्टिपल’ऐवजी ‘एक्झॅक्टली’ निवडा आणि चाचणीत ठरलेला आकडा लिहा. ज्या परिच्छेदात ओळीतच चित्र ठेवलंय, त्याला मात्र ‘सिंगल’ ठेवा, नाहीतर चित्राची फक्त खालची पट्टी दिसेल.

फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी वेगळा फॉन्ट आणि वेगळं माप असतं. मराठी तिथून माप घेते. वरचं माप १२ केलं आणि खालचं ११ राहिलं, तर मराठी ११ मध्येच छापली जाते आणि तुमचं लीडिंग का सैल वाटतंय ते कळत नाही. दोन्ही भरा, मग ‘सेट अॅज डीफॉल्ट’ दाबून नॉर्मल टेम्प्लेटसाठी होकार द्या. परिच्छेदाच्या चौकटीतही तेच बटण आहे, तेही दाबा.

लिबरऑफिसमध्ये हेच काम डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये होतं. ओळीचं अंतर ‘फिक्स्ड’ करा, कॉम्प्लेक्स लिपीचा फॉन्ट वेगळा भरा आणि फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करून तीच डीफॉल्ट ठरवा. लेटेक या आज्ञा लिहून पान जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ पॉइंटच्या लेखाला मुळात १४.५ ची ओळ मिळते. बेसलाइनस्ट्रेच १.१७ दिला की ती १७ च्या जवळ येते. शिवाय लेटेक पूर्णविरामानंतर इंग्रजी पद्धतीने जादा जागा सोडतं, ती ‘फ्रेंचस्पेसिंग’ने बंद करा. पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर आणि जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. तिथे मात्रा, रफार ही सुटी अक्षरं असतात, म्हणून हायफनेशन पूर्ण बंद आणि अक्षरांच्या अंतराचे तिन्ही आकडे शून्य. नाहीतर ओळ ताणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

टाइप करतानाच्या फटी

सेटिंग कितीही नेमकी असली तरी मॅटरमध्ये दोन-दोन स्पेस असतील तर ती दिसणार. मॅटर हातात आला की आधी दोन स्पेसच्या जागी एक करा, आणि काही सापडत नाही असं येईपर्यंत करत राहा. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांच्या आधीची स्पेस काढा, नंतरची एकच ठेवा. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (:) टाइप केलेला असतो तोही बदला. ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांतला विसर्ग हे वेगळं चिन्ह आहे. अपूर्णविराम वापरला की अक्षरापासून त्याचं अंतर चुकतं आणि ओळ त्याच जागी तुटू शकते.

‘डॉ.’ आणि नाव, ‘इ. स.’ आणि साल, ‘पृ.’ आणि आकडा, ‘५००’ आणि ‘रुपये’, यांच्यामध्ये न तुटणारी स्पेस घाला. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसबार, इनडिझाइनमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एक्स. अहवालात एका ओळीच्या शेवटी ‘रु.’ आणि पुढच्या ओळीत आकडा, असं कधीही जाऊ देऊ नका. सभेत लोक तोच आकडा बोटाने शोधत असतात.

ठरलेली सेटिंग सांभाळणं

सगळं झालं की डॉक्युमेंट टेम्प्लेट म्हणून जतन करा. कामाच्या प्रकारानुसार तीन पुरतात: पुस्तक, दोन स्तंभांचा अंक, अहवाल. फाइलच्या नावातच फॉन्ट, माप आणि लीडिंग लिहा, उदाहरणार्थ ‘अहवाल-१२-१७’. चाचणीच्या दोन ओळी टेम्प्लेटच्या पहिल्या पानावरच ठेवा. फॉन्ट बदलला तर ते पान छापून बघायचं आणि मग पुसायचं.

आणि प्रत दुसऱ्या जागी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा माझं यंत्र, कागदाची रिमं आणि वर्षानुवर्षं बसवलेल्या स्टाइल, सगळं पाण्याखाली गेलं. कागद परत घेता आला. स्टाइल मात्र आठवून आठवून पुन्हा बसवायला दोन महिने लागले, आणि त्या दिवाळीच्या अंकांत कुठे १६ तर कुठे १८ अशी ओळ गेली. आता टेम्प्लेटची एक प्रत ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर विश्रामबागेतल्या बहिणीच्या घरी, आणि आकड्यांचा एक कागद लॅमिनेट करून टेबलासमोर भिंतीवर, खांद्याच्या वर.